नात्यापलीकडचे रक्त

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची आणि त्याच्या खारघरच्या धाकट्या भावंडाची, ॲक्ट्रेकची, गोष्ट सांगणारे बहुतेक जण गाठींपासून सुरुवात करतात. तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग, मग शस्त्रक्रिया, मग किरणोपचार. मी उमेदीची सगळी वर्षे रक्तपेढीच्या टेबलाशी घालवली, त्यामुळे मला ही गोष्ट रक्तापासून सुरू होताना दिसते. तशी ती खरोखरच तिथून सुरू होते. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने, रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्या वर्षी त्यांचे पती सर दोराबजीही गेले. दोराबजींच्या नावाच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला रुग्णालय उघडले. मेहेरबाईंच्या आजारावर तेव्हा जगात कुठेच इलाज नव्हता. त्या आजाराला हात घालायचा तर आधी दुसऱ्याचे रक्त निर्धोकपणे देता आले पाहिजे, आणि ते जमायला पुढची कित्येक दशके लागली.

१९५२ मध्ये परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. त्याचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर. मूळचे गोमंतकीय, पेशाने विकृतिशास्त्रज्ञ, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. कर्करोगावरचे त्यांचे काम सर्वांना ठाऊक आहे. पण त्याआधी, १९४९ मध्ये, एल. डी. संघवी आणि खानोलकर यांनी मुंबईतल्या आपापसात लग्ने करणाऱ्या सहा समाजगटांच्या आनुवंशिक खुणा तपासून एक निबंध प्रसिद्ध केला होता, आणि त्या खुणांमध्ये रक्तगटही होते. म्हणजे आज खारघरला ज्यांच्या नावाची ‘खानोलकर शोधिका’ ही इमारत उभी आहे, त्यांनी मुंबईकरांचे रक्त संस्थेच्या स्थापनेआधीच हाताळले होते. रक्तपेढीतल्या माणसाला याचा अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

त्याच १९५२ सालात, त्याच परळमध्ये, डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अगदी निराळ्या रक्तगटाची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली. त्या निबंधावर सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया यांच्याबरोबर काही इंग्रज संशोधकांचीही नावे आहेत. तोच हा बॉम्बे ब्लड ग्रुप. नेहमीच्या तपासणीत तो ‘ओ’ दिसतो, आणि धोका तिथेच आहे. ‘ओ’ समजून त्या माणसाला ‘ओ’चे रक्त लावले तर ते त्याच्या अंगात फुटते, कारण ‘ओ’च्या पेशींवर असलेला ‘एच’ हा पायाचा घटकच त्याच्या पेशींवर नसतो आणि त्याच्या प्लाझ्मात त्याविरुद्धची प्रतिद्रव्ये तयार असतात. म्हणून रक्तगट एका बाजूने पाहून चालत नाही. पेशी ठरावीक सीरमशी लावून पाहायच्या, आणि प्लाझ्मा ठरावीक पेशींशी, त्यात ‘ओ’च्या पेशीसुद्धा. दोन्ही उत्तरे जुळली तरच रजिस्टरमध्ये गट लिहायचा. आमच्याकडे नवा मुलगा कामाला लागला की दुसरी बाजू करायचा कंटाळा करी. त्याला मी हीच गोष्ट सांगत असे. ही चूक पकडण्याची रीत आपल्या शहराच्या नावाने जगभर शिकवली जाते, आणि आपण तिचा कंटाळा करायचा?

संस्थेच्या कारभाराचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९५७ मध्ये रुग्णालय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे गेले, १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन संस्था एकत्र होऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. कर्करोगाचे रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे कसे, असे लोक अजून विचारतात. किरणोपचाराचे भविष्य होमी भाभांनी ओळखले होते, हे त्याचे नेहमीचे उत्तर. रक्ताच्या बाबतीत त्याचे आणखी एक उत्तर आहे. ते वाशीला सापडते, त्याकडे पुढे येतो.

मी कामाला लागलो तेव्हा रक्त काचेच्या बाटलीत घेत असत. तोंडाला रबरी बूच, त्यातून सुई, बाटली रिकामी होताना आत हवा जायला दुसरी सुई. बाटल्या धुवायच्या, वाफेवर निर्जंतुक करायच्या आणि पुन्हा वापरायच्या. बाटलीतल्या रक्ताचे भाग करता येत नसत. ज्याला फक्त लाल पेशी हव्यात त्यालाही सगळे द्यायचे, आणि ज्याला प्लेटलेट हव्यात त्याला काहीच नाही. त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेने प्लास्टिकची पिशवी देशातच बनवण्याचे तंत्र उभे केले आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अशा पिशव्या तिकडे कारखान्यात निघू लागल्या, हा आमच्या धंद्यातला सर्वांत मोठा बदल मी डोळ्यांनी पाहिला. एकमेकींना नळीने जोडलेल्या तीन पिशव्या. यंत्रात फिरवल्या की तळाशी लाल पेशी बसतात, वर गव्हाळ रंगाचा प्लाझ्मा राहतो, मध्ये साईसारखा पातळ पडदा. नळी न उघडता, हवा न लागता प्रत्येक भाग आपापल्या पिशवीत. लाल पेशी २ ते ६ अंशांत, प्लेटलेट २० ते २४ अंशांत सतत हलत्या ठेवून, प्लाझ्मा उणे ३० अंशांखाली गोठवून. कर्करोगाच्या उपचारांची भूक भागवायला हे वेगळे करणे जमलेच पाहिजे होते.

त्या बाटल्यांच्या दिवसांत रुग्णालयांच्या फाटकाबाहेर रक्त विकणारे उभे असत. आठवड्यात दोनदा रक्त विकून त्यांचे चेहरे पांढरेफटक झालेले असत. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या रक्तपेढीतून लीला मुळगावकरांनी ऐच्छिक रक्तदानाची चळवळ मुंबईत रुजवली होती, त्यासाठी त्यांना १९६३ मध्ये पद्मश्रीही मिळाली होती, तरी बाहेरची ती रांग हटली नव्हती. १९८९ मध्ये दात्याच्या रक्ताची एचआयव्ही तपासणी सक्तीची झाली. ४ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला, त्यातून राष्ट्रीय आणि राज्य रक्तसंक्रमण परिषदा आल्या आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्त विकणे बंद झाले. २००१ मध्ये हिपॅटायटिस सी तपासणीचीही सक्ती झाली. आज प्रत्येक पिशवीवर पाच तपासण्या होतात: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गुप्तरोग आणि मलेरिया.

जंतूंच्या तपासण्या झाल्या म्हणजे रक्त सुरक्षित झाले असे वाचकाला वाटेल. पण माझ्या नोकरीतली सर्वांत भयंकर रात्र कोणत्याही जंतूची नव्हती. ज्या रुग्णालयात ती घडली त्याचे नाव इथे नको. एकाच वॉर्डात शेजारच्या खाटांवर एकाच आडनावाचे दोन रुग्ण होते. सॅम्पल घेणाऱ्याने दोन नळ्या भरल्या आणि चिठ्ठ्या नंतर, टेबलाशी येऊन चिकटवल्या. माझ्याकडे आलेल्या नळीत गट निघाला ‘बी’. क्रॉसमॅच जुळला, पिशवी तयार झाली. ती द्यायच्या आधी जुने रजिस्टर चाळायची मला सवय होती. त्यात तीन महिन्यांपूर्वी त्याच रुग्णाचा गट ‘ओ’ लिहिलेला. मी पिशवी परत फ्रिजमध्ये ठेवली आणि जिना उतरून वॉर्डात गेलो, हात थरथरत होते. नळीवर नाव खाटेपाशीच, रुग्णाला त्याचे नाव विचारून लिहायचे, आणि पिशवी लावताना दोघांनी मोठ्याने वाचून ताडून पाहायचे, हे नियम मी त्या रात्रीनंतर कधी कोणाला सौम्य शब्दांत सांगितले नाहीत. चुकीच्या गटाचे रक्त जाते ते बहुतेक वेळा प्रयोगशाळेतल्या चुकीने जात नाही, असल्या चिठ्ठीच्या चुकीने जाते. १० डिसेंबर २०१२ रोजी देशात हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू झाला आणि रक्त दिल्यावर आलेली प्रत्येक रिॲक्शन कळवायची सोय झाली, तेव्हा मला ती रात्र आठवली. तोवर अशा गोष्टी आम्ही आपापसात कुजबुजत असू.

आता मूळ सूत्राकडे येतो. २० मार्च १९८३ रोजी टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. बालपणी पोलिओ झाल्याने डॉक्टर स्वतः चाकाच्या खुर्चीवर असत. रुग्ण होती ल्युकेमिया झालेली नऊ वर्षांची मुलगी आणि मज्जा दिली तिच्या भावाने. भावाच्या मज्जेने बहिणीला जीवदान मिळाले. आपल्याकडच्या माणसाला याहून जवळची गोष्ट कोणती असेल?

तरीही प्रत्यारोपणाच्या रुग्णाला, त्याच्यावर प्रत्यारोपण व्हायच्या आधीसुद्धा, सख्ख्या नातेवाइकाचे रक्त द्यायचे टाळतात. काउंटरवर हे सांगताना मला नेहमी जड जाई. भाऊ बाही वर करून उभा असतो, ‘माझं रक्त का चालत नाही?’ म्हणून विचारतो, आणि त्याला वाटते आपण त्याच्या प्रेमावरच शंका घेतोय. कारण असे आहे. रक्तदात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात गेल्या की रुग्णाची प्रतिकारशक्ती त्यांना परके म्हणून ओळखते आणि थोड्या दिवसांत संपवते. दाता जवळचा नातेवाईक असला, तर दोघांच्या पेशींवरच्या खुणा इतक्या मिळत्याजुळत्या असू शकतात की त्या पेशींना घरचेच समजून दारात कोणी हटकत नाही. मग त्या आत ठाण मांडतात आणि रुग्णाच्याच त्वचेवर, आतड्यावर, यकृतावर, मज्जेवर उठतात. एक-दोन आठवड्यांत ताप, अंगावर चट्टे, जुलाब सुरू होतात, आणि मज्जा रक्त बनवणे थांबवते. दहांतले नऊहून अधिक रुग्ण यातून वाचत नाहीत. ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी मोडलेली आहे, त्याला तर परक्या दात्याच्या पेशींपासूनही हाच धोका असतो. भाऊ देऊ करतो त्या रक्तात खोट काही नसते, त्याचे फार जुळणे हाच दोष. हे त्याला खुर्ची देऊन, पाणी देऊन, शांतपणे सांगावे लागते.

यावर नेहमीचा उपाय असा. पिशवीतल्या पांढऱ्या पेशींची वाढण्याची ताकद गॅमा किरणांनी काढून घ्यायची. गाळणीने त्या पेशी पुष्कळ कमी होतात, पण गाळणीवर या बाबतीत विसंबता येत नाही. पिशवीच्या मध्यभागी २५ ग्रे एवढी मात्रा बसावी लागते आणि कुठल्याही कोपऱ्यात १५ ग्रेच्या खाली जाऊन चालत नाही. इथे वाशीचे उत्तर येते. अणुऊर्जा विभागाचे विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ, ज्याला सगळे ‘ब्रिट’ म्हणतात, ते १ मार्च १९८९ रोजी स्थापन झाले आणि त्याचे ठाणे वाशीच्या सेक्टर २० मध्ये आहे. तिथे बनलेले रक्तविकिरण यंत्र, ‘बीआय-२०००’, आपल्याच देशातल्या अणुभट्ट्यांत तयार झालेल्या कोबाल्ट-६० वर चालते. हार्बर लाइनने वाशीहून खारघर सहावे स्टेशन. एका टोकाला रक्तासाठी किरणांचे यंत्र घडते आणि दुसऱ्या टोकाला त्या किरणांतून गेलेल्या रक्ताविना ज्यांचा एक दिवस निघत नाही असे रुग्ण आहेत. दोन्ही संस्था एकाच विभागाच्या. भाभांनी हा जोड आखून ठेवला होता असे मी म्हणणार नाही. पण माझ्या मते नवी मुंबईच्या विज्ञानाच्या इतिहासात याहून सुंदर योग नाही, आणि शहराला त्याची फारशी कल्पना नाही, याची मला हळहळ वाटते.

असे यंत्र चालताना पाहण्यासारखे असते. शिशाचे जाड कवच असलेला बोजड सांगाडा, आणि त्यात पिशव्या ठेवायचा डबा मात्र जेमतेम दोन लिटरचा. पिशवीवर एक छोटी पट्टी चिकटवतात. तिच्यावर इंग्रजीत ‘नॉट इरॅडिएटेड’ असे छापलेले असते. डबा आत जातो, ठरलेली मिनिटे जातात, डबा वर येतो. पट्टीवरचा ‘नॉट’ काळा पडून झाकून गेलेला असतो आणि फक्त ‘इरॅडिएटेड’ उरते. रक्त किरणोत्सारी होते का, असे नातेवाईक विचारतात. होत नाही. एक्स-रे काढल्यावर माणूस किरणोत्सारी होत नाही तसेच. लाल पेशींचे आयुष्य मात्र घटते, किरण दिल्यानंतर त्या २८ दिवसांच्या आत वापरायच्या. त्यांच्यातून पोटॅशियम झिरपू लागते म्हणून तान्ह्या बाळाला द्यायची पिशवी किरण दिल्याबरोबर वापरलेली बरी.

कोबाल्ट दर महिन्याला साधारण एक टक्का मंदावतो, सव्वापाच वर्षांत त्याची ताकद निम्मी होते. पहिल्या वर्षी जी पिशवी काही मिनिटांत व्हायची तिला पाच वर्षांनी दुप्पट वेळ लागतो. तेव्हा यंत्राशेजारी टांगलेला वेळेचा तक्ता बदलत राहावा लागतो. तो बदलायचा राहिला तर यंत्र चालत राहील, पट्टीही कदाचित रंग बदलेल, आणि मात्रा मात्र अपुरी पडलेली असेल. गुणवत्ता म्हणतात ती अशा टांगलेल्या कागदांत असते. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राने अणुकचऱ्यातून वेगळे काढलेल्या सीझियम-१३७ च्या काचेच्या कांड्या अशा यंत्रांसाठी तयार केल्या. त्याचे अर्धआयुष्य तीस वर्षांचे, म्हणजे तक्ता सावकाश बदलतो.

२००२ मध्ये संशोधन संस्था परळची दाटी सोडून खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी आली आणि ‘ॲक्ट्रेक’ झाली. २००७ मध्ये अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागही परळहून इकडे हलला. आवाराच्या दृष्टीने ही एका विभागाची बदली होती. रक्ताच्या दृष्टीने मात्र सगळा हिशेब नवा होता. प्रत्यारोपणाचा रुग्ण, त्याची नवी मज्जा काम करू लागेपर्यंत, काही आठवडे पूर्णपणे दुसऱ्याच्या रक्तावर जगतो. प्लेटलेट दहा हजारांखाली गेल्या की त्या भरून द्याव्या लागतात, कधी एका दिवसाआड. आपल्याकडे प्लेटलेटना सर्रास ‘पांढऱ्या पेशी’ म्हणतात, डेंगीच्या दिवसांत तर वर्तमानपत्रेही तसे लिहितात. तो शब्द सोडून द्यावा अशी माझी मनापासून विनंती आहे. या रुग्णाला प्लेटलेट हव्या असतात आणि पांढऱ्या पेशींचेच भय असते.

प्रत्यारोपणानंतर रुग्णाचा रक्तगट बदलू शकतो, हे ऐकून लोक थक्क होतात. ‘ओ’ गटाच्या मुलाला ‘ए’ गटाच्या बहिणीची मज्जा मिळाली, तर काही महिन्यांनी तो मुलगा ‘ए’ होतो. मधल्या काळात त्याच्या अंगात दोन्ही गट असतात. तेव्हा त्याला लाल पेशी ‘ओ’च्या द्यायच्या आणि प्लाझ्मा, प्लेटलेट ‘ए’ किंवा ‘एबी’च्या. प्रत्येक टप्प्याची नोंद फाइलवर ठळक लागते, कारण रात्रपाळीतल्या माणसाला जुना गट सापडला तर तो प्रामाणिकपणे चुकीची पिशवी काढेल. त्याच फाइलवर आणखी एक सूचना असते: प्रत्यारोपणासाठी साठवलेल्या मूळ पेशींच्या (स्टेम सेलच्या) पिशवीला किरण अजिबात द्यायचे नाहीत. बाकी सगळ्या पिशव्या किरणांतून जाणार, आणि जिच्यावर प्राण अवलंबून आहे ती एक मात्र त्या यंत्राच्या जवळपासही नको.

हे सगळे रक्त येते कुठून? कर्करोगाचे रुग्ण बिहार, बंगाल, आसामहून येतात. बरोबर एखादा भाऊ, एखादी आई. पूर्वी ‘एक बॅग घ्या, एक डोनर आणा’ ही रीत होती. या माणसांनी खारघरमध्ये डोनर कुठून आणायचा? म्हणून इथे नातेवाइकाच्या जागी अनोळखी माणूस यावा लागतो, आणि नवी मुंबईतून तो येतो. बेलापूरच्या कार्यालयांतून, नेरूळच्या कॉलेजांतून, सोसायटीच्या गणपतीसमोरच्या शिबिरातून. प्लेटलेट देणारा तर यंत्राला जोडून तास-दीड तास हात न हलवता बसतो. त्याच्या एका खेपेत साधारण सहा दात्यांच्या पिशव्यांइतक्या प्लेटलेट मिळतात, आणि रुग्णाचा सहा अनोळखी शरीरांऐवजी एकाच शरीराशी संबंध येतो.

शिबिरांबद्दल मात्र एक स्पष्ट सांगायला हवे. नेत्याच्या वाढदिवसाला एकाच दिवशी शेकडो पिशव्या गोळा करण्यापेक्षा टंचाईच्या मे महिन्यात पन्नास मिळणे मोलाचे आहे. प्लेटलेट पाच दिवस टिकतात, लाल पेशी पस्तीस ते बेचाळीस. भेटवस्तूच्या आशेने आलेला माणूस आजार लपवतो, आणि सगळ्या तपासण्यांना न सापडणारे काही दिवस प्रत्येक संसर्गात असतात. न्यूक्लिक ॲसिड तपासणी, म्हणजे ‘नॅट’, ते दिवस कमी करते, शून्य करत नाही, आणि ती देशात अजून सक्तीची झालेली नाही. २०२२ मध्ये नागपुरात वारंवार रक्त घ्यावे लागणारी चार थॅलेसेमियाग्रस्त मुले एचआयव्हीबाधित आढळल्याची बातमी आली तेव्हा मला दोन रात्री झोप लागली नाही. तपासणी स्वस्त व्हावी, सर्वत्र व्हावी, हे खरेच. पण दात्याने फॉर्मवर खरे उत्तर लिहिणे ही तिच्याही आधीची तपासणी आहे.

४ जून २०२१ रोजी ॲक्ट्रेकच्या प्रत्यारोपण विभागात देशातली पहिली कार-टी पेशी रुग्णाला दिली गेली. आयआयटी मुंबईत घडलेल्या या उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते तो देशाला अर्पण झाला. यात रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी बाहेर काढून, कर्करोगाची ओळख पटेल अशा बदलून, पुन्हा त्यालाच देतात. त्या काढतात रक्तघटक वेगळे करणाऱ्या यंत्राने, ज्या जातीच्या यंत्रावर प्लेटलेट देणारा दाता बसतो त्याच जातीच्या. इथे ना भाऊ लागतो ना अनोळखी. तरी त्या पेशी काढायच्या आधी आणि त्या काम करेपर्यंत या रुग्णालाही किरण दिलेल्या लाल पेशी आणि प्लेटलेट लागतातच, आणि त्या दुसऱ्या कोणाच्या तरी हातातून येतात.

प्लेटलेटची पिशवी वॉर्डात पाठवण्याआधी आम्ही ती दिव्यासमोर धरतो आणि अलगद हलवतो. पेशी जिवंत, चपट्या असतील तर आतल्या पिवळसर द्रवात रेशमासारखी झळाळी फिरते. पेशी गोल होऊन मेल्या असतील तर नुसते गढूळ पाणी दिसते. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच दाखवत असे. दोन पिशव्या दिव्यासमोर, एक चांगली, एक मुदत संपलेली, आणि प्रश्न एकच: यातली कोणती खाली न्यायची?